नायट्रॉक्सची टाकी: ऑक्सिजन आठ रुपयांचा, सफाई हजारांची

दाभोसा, जव्हार, मोखाडा या भागात राहून तुम्ही स्वतःचे स्कुबा किट घेतले असेल आणि आता त्यावर नायट्रॉक्स वापरायचे मनात असेल, तर पैसे काढण्याआधी एक हिशेब पाहा. ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी ३२ टक्के नायट्रॉक्सने २०० बारपर्यंत भरायची, तर तिच्यात आधी सुमारे २८ बार शुद्ध ऑक्सिजन सोडावा लागतो. म्हणजे साधारण ३१० लिटर. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सिलेंडरमधल्या वैद्यकीय ऑक्सिजनची कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवली होती, जीएसटी वगळून. त्या भावाने तुमच्या टाकीत गेलेला ऑक्सिजन भरतो आठ रुपयांचा. बाकी सगळा खर्च त्या आठ रुपयांच्या वायूला भडका उडवायला काही मिळू नये, यासाठी होतो. यालाच डायव्हर मंडळी ‘ऑक्सिजन क्लीन’ म्हणतात.

मुळात गरज आहे का?

नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के; नायट्रॉक्समध्ये बहुतेक वेळा ३२ किंवा ३६. नायट्रोजन कमी, म्हणून ठरावीक खोलीवर जास्त वेळ थांबता येते. फायदा एवढाच. हवा जास्त पुरत नाही, जास्त खोल जाता येत नाही. उलट खोलीची मर्यादा कमी होते. ३२ टक्क्यांना ती साधारण ३३ मीटर, ३६ टक्क्यांना २८ मीटर. त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो, पाण्यात झटके येतात आणि तोंडातला रेग्युलेटर सुटतो.

पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या साध्या हवेच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरला फक्त २०. १० मीटरच्या आत टाकीच आधी संपते. म्हणून मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जिथे उथळ पाण्यात उतरवतात तिथे नायट्रॉक्सचा उपयोग शून्य. कोणी ‘प्रीमियम गॅस’ म्हणून जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. दाभोशाच्या धबधब्याखालच्या डोहाचेही तेच. सुमारे ३०० फुटांवरून पाणी कोसळते, खाली गढूळ, ओढ मोठी, आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढत असते. तिथे टाकी घेऊन उतरणे हा वेगळ्या प्रशिक्षणाचा विषय आहे; नायट्रॉक्सने त्यातला कोणताही धोका कमी होत नाही.

मग उपयोग कुठे? महाराष्ट्राच्या हद्दीजवळ खरा उपयोग एकाच जागी: विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेला आंग्रिया बँक. तिथे प्रवाळाचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर सुरू होतो, आणि बोटीवर राहून दिवसाला दोन-तीन डाइव्ह कराव्या लागतात. याखेरीज अंदमान, लक्षद्वीप, पुदुच्चेरी. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला रोज लागोपाठ डाइव्ह करणार असाल तर थोडाफार. वर्षातून एकदा अंदमानला जाणाऱ्याने तिथली भरलेली टाकी भाड्याने घ्यावी, पुढचे वाचायचीही गरज नाही. स्वतःचा रेग्युलेटर मात्र नेणार असाल तर पुढचा भाग वाचा.

चाळीस टक्क्यांची रेघ

दुकानदार सांगेल, ‘चाळीस टक्क्यांपर्यंत काही करावे लागत नाही.’ हे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचे पैसे अडकलेले असतात.

रेग्युलेटर, बीसीडी, गेज यांना ४० टक्क्यांपर्यंतचे तयार मिश्रण मिळत असेल, तर मनोरंजनाच्या डायव्हिंगमध्ये ते साध्या स्थितीत चालवायची प्रथा आहे. तरी आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहा. अमेरिकेत ‘४० टक्क्यांपर्यंत तयार’ म्हणून विकला जाणारा माल युरोपात तसा विकत नाहीत. तिथल्या मानकांत २२ टक्क्यांच्या वर वेगळी उपकरणे आणि वेगळा एम-२६ आट्याचा जोड येतो. टाक्या बनवणारी लक्सफर कंपनी तर २३.५ टक्क्यांच्या वर कोणत्याही मिश्रणाला टाकी ऑक्सिजन क्लीनच हवी म्हणते. वॉरंटी कामाची असेल तर कंपनीचे म्हणणे धरा, दुकानदाराचे नाही.

टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह यांचे गणित वेगळे आहे. मिश्रण ३२ टक्क्यांचे असले तरी ते ‘पार्शल प्रेशर’ पद्धतीने करत असतील, तर टाकीत आधी १०० टक्के ऑक्सिजन जातो आणि वरून हवा. ती काही मिनिटे टाकी, व्हॉल्व्ह आणि भरण्याची नळी शुद्ध ऑक्सिजनच्या दाबाखाली असतात. तिथे चाळीस टक्क्यांचा नियम लागू होत नाही. मेम्ब्रेन यंत्रातून किंवा आधीच मिसळलेल्या साठ्यातून भरत असतील तर ही भानगड नाही. म्हणून टाकी साफ करायला देण्याआधी भरणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही मिश्रण टाकीत करता की बाहेर?’ उत्तर ‘बाहेर’ असेल, टाकी त्यांच्याच नियमित तपासणीत असेल आणि कंपनीची अट आड येत नसेल, तर तुमचे काही हजार इथेच वाचले.

४० टक्क्यांच्या वर, म्हणजे ५० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजनची डिकॉम्प्रेशन टाकी असेल, तर सगळेच साफ हवे: टाकी, व्हॉल्व्ह, फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, नळ्या, प्रेशर गेज. टायटेनियमचा रेग्युलेटर असेल तर तो साफ करून घ्यायच्या फंदात पडू नका. जास्त ऑक्सिजनमध्ये टायटेनियम स्वतः पेटू शकते. त्यासाठी पितळी रेग्युलेटर वेगळा ठेवा.

सफाईत काय काय येते

‘साफ केली’ म्हणून पाण्याने विसळून हाती देणारेही भेटतात. काय व्हायला हवे ते तुम्हाला माहीत असू द्या. सगळे भाग सुटे करतात. एकही ओ-रिंग जागेवर ठेवून सफाई होत नाही. तेल काढणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या क्लीनरमध्ये, जमल्यास अल्ट्रासॉनिक टबात, धातूचे भाग धुतात. मग स्वच्छ गरम पाण्याने पुन्हा पुन्हा विसळणे, कारण क्लीनरचा उरलेला थरसुद्धा घाणच. सुकवायला तेलविरहित नायट्रोजन किंवा अतिगाळलेली हवा. गॅरेजमधल्या हवेने फुंकर मारली की सगळी मेहनत वाया: त्या हवेत कॉम्प्रेसरचे तेल असते. जुळवताना पावडर नसलेले हातमोजे, धागे न सुटणारे कापड, ऑक्सिजनला चालणाऱ्या नव्या ओ-रिंगा (व्हायटॉन किंवा ईपीडीएम) आणि ऑक्सिजनचे ग्रीस, म्हणजे ख्रिस्टो-ल्यूब, क्रायटॉक्स किंवा ट्रायबोल्यूब. नेहमीचे सिलिकॉन ग्रीस नाही.

इतका काटेकोरपणा कशाला, तर २०० बारचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की बंद जागेत वायू क्षणात दाबला जातो आणि हिशेबाने तापमान हजार अंशांच्या घरात जाते. तिथे ग्रीसचा ठिपका, तेलाचा थेंब किंवा रबराचा कण असेल तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेटायला तेवढे पुरते. व्हॉल्व्ह सावकाश उघडा हा नियम त्यातूनच आला. तो फुकट आहे, रोज पाळा.

टाकी परत घेताना पाच मिनिटे तिथेच थांबा आणि व्हॉल्व्ह लावण्याआधी आत पाहायला मागा. प्रखर पांढऱ्या टॉर्चने तळ आणि खांद्याचा भाग बघा: पांढरी भुकटी, तपकिरी डाग, ओलावा चालत नाही. मग गळ्याचे आटे. ग्रीस बहुधा तिथेच राहते, कारण आट्यांच्या खाचेत ब्रश पोहोचत नाही. पांढरे कापड काडीवर गुंडाळून आट्यांतून एकदा फिरवा, कापड पांढरेच राहायला हवे. त्यानंतर अंधार करून अतिनील टॉर्च. बरीच खनिज तेले आणि कापडाचे धागे त्यात निळसर-पांढरे चमकतात. पण ‘यूव्हीत काही दिसले नाही’ हा पुरावा अर्धाच: सिलिकॉन आणि कित्येक सिंथेटिक तेले चमकतच नाहीत. म्हणून पाण्याची कसोटीही मागा. साफ धातूवर स्वच्छ पाणी सोडले की त्याचा सलग पातळ पापुद्रा काही क्षण टिकतो. पाणी लगेच फाटून थेंब थेंब झाले तर तिथे चिकट काहीतरी आहे. व्हॉल्व्हच्या सुट्या भागांवर ही कसोटी डोळ्यांदेखत अर्ध्या मिनिटात होते. ‘वेळ नाही’ असे उत्तर आले तर पैसे देण्याची घाई तुम्हीही करू नका.

बिलात काय दिसते, काय दिसत नाही

भारतात याचे ठरलेले दरपत्रक नाही, म्हणून तोंडी भावावर जाऊ नका. लेखी अंदाज घ्या. तुलनेसाठी अमेरिकेतला ढोबळ भाव: टाकी आणि व्हॉल्व्हची सफाई ४० ते ८० डॉलर; रेग्युलेटरची पूर्ण सर्व्हिस १०० ते २०० डॉलर आणि भाग वेगळे. ऑक्सिजन ग्रीसची २ औंसांची ट्यूब ३० ते ४० डॉलर. इथे मजुरी कमी लागते, पण ग्रीस, ओ-रिंगा आणि सर्व्हिस किट बाहेरून येतात. त्यावर सीमाशुल्क आणि कुरिअर चढते, त्यामुळे एकूण रक्कम फारशी खाली येत नाही. ग्रीस तुम्ही स्वतः आणून दिले तर चालेल का, हे विचारा. एका ट्यूबमध्ये कितीतरी सर्व्हिस होतात, आणि काही जण पूर्ण ट्यूबचे पैसे तुमच्याच बिलात लावतात.

बिलात सांगितल्याशिवाय न दिसणारे खर्च हे: सर्व्हिस किट (फर्स्ट आणि सेकंड स्टेजचे वेगळे, ऑक्टोपसचे आणखी एक), व्हॉल्व्हची सीट, फुटलेल्या बर्स्ट डिस्कची बदली, प्रेशर गेजची वेगळी सफाई, स्टिकर, आणि जाण्या-येण्याचे कुरिअर. गेजचे तर बहुतेकांना सुचतच नाही. जुने गेज आतून साफ करणे जवळपास अशक्य, नवे ऑक्सिजन क्लीन गेज घेणे परवडते.

सगळ्यांत मोठा छुपा खर्च वेगळाच आहे. ऑक्सिजन क्लीन टाकी एकदा जरी साध्या कॉम्प्रेसरवरून भरली, तरी ती ऑक्सिजन क्लीन राहत नाही. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेत तेल घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेत साध्या डायव्हिंगच्या हवेच्या प्रचलित दर्जात ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पन्नास पट. म्हणजे मालवणला किनाऱ्यावर कुणाच्या कॉम्प्रेसरवर ‘फक्त आजच्यापुरती’ टाकी भरून घेतली, की पुन्हा सगळी सफाई. त्यामुळे दोन टाक्या परवडत नसतील तर स्वतःची ऑक्सिजन क्लीन टाकी बाळगूच नका, असा माझा सरळ सल्ला आहे.

क्रमही लक्षात ठेवा. हायड्रो टेस्ट आधी, सफाई नंतर. टेस्टमध्ये टाकीत पाणी भरतात, व्हॉल्व्ह निघतो. आधी सफाई केली असेल तर ती वाया. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली शेवटच्या टेस्टची तारीख बघा. पाच वर्षे होत आली असतील तर दोन्ही कामे एकाच फेरीत करा. सफाईची मुदत साधारण एक वर्ष धरतात, तीही टाकी मधल्या काळात कधी उघडी, रिकामी राहिली नसेल तर.

कुठे, किती दिवसांत, कोणते कागद

जव्हारहून तुमचे जवळचे ठिकाण मुंबई धरून चला, सुमारे दीडशे किलोमीटर. बोईसर-तारापूरला औद्योगिक वायूंचे विक्रेते आहेत, पण वायू विकणारा आणि श्वासाची उपकरणे साफ करणारा तंत्रज्ञ वेगळे. रेग्युलेटर त्या-त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्राकडेच द्या. मुंबई, गोवा, बेंगळुरू, चेन्नई, पुदुच्चेरी, अंदमान या भागांत चौकशी करा. तारकर्लीला एमटीडीसीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड ॲक्वाटिक स्पोर्ट्स ही सरकारी संस्था आहे. कुठे काम चांगले होते हे विचारायला तो दरवाजा बरा, तिथे विकण्याची घाई नसते.

टाकीला दोन दिवस पुरतात. रेग्युलेटरला आठवडा, किट बाहेरून यायचे असेल तर महिना धरा. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होताच सगळे एकदम रांगेत येतात. जून ते ऑगस्टमध्ये, कोकणातले डायव्हिंग बंद असताना, काम टाका. त्या दिवसांत भावही जरा बोलता येतो.

सोबत न्यायचे: टाकीच्या खरेदीचे बिल, हायड्रो टेस्टचे प्रमाणपत्र, रेग्युलेटरची मागची सर्व्हिस नोंद, ओळखपत्र आणि तुमचे नायट्रॉक्स कार्ड. कार्डाशिवाय कोणी जबाबदार माणूस नायट्रॉक्स भरून देणार नाही. पॅडी, एसएसआय यांचा कोर्स एक-दोन दिवसांचा असतो, ४० टक्क्यांपर्यंत चालतो, आणि आपल्याकडे साधारण १० ते २० हजारांत होतो. कार्डाचे शुल्क आणि ई-लर्निंग त्यात धरले आहे का ते विचारा. जाहिरातीतला कमी भाव बरेचदा ते वगळून असतो. ४० टक्क्यांपुढे टीडीआयचा ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्ससारखा कोर्स लागतो.

टाकी परदेशातून आणायचा मोह होतो, तिथे स्वस्त दिसते म्हणून. आवरा. भारतात दाबाखालच्या टाक्यांना गॅस सिलेंडर नियम, २०१६ लागू होतात. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मंजुरीशिवाय आणलेली टाकी कायद्याने इथे भरता येत नाही. पेसोचे पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. शंका असेल तर खरेदीआधी तिथे विचारा. जुनी अमेरिकन टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर तिची तारीख पाहा. लक्सफरच्या १९८८ पूर्वीच्या टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या होत्या, आणि त्यांच्या गळ्याला चिरा पडल्याचे प्रकार घडले आहेत. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

टाकी विमानाने नेऊ नका. दाब शिल्लक असेल तर चालत नाही, आणि व्हॉल्व्ह काढला की सफाई गेली. रेल्वेच्या डब्यातही गॅस सिलेंडर सामान म्हणून नेता येत नाही. रेग्युलेटर सोबत न्या, टाकी तिकडची घ्या.

हे करू नका

घरात करोनाच्या वेळचा ऑक्सिजन सिलेंडर पडून असेल (काळा, वर पांढरा खांदा) तर त्यातून स्कुबाच्या टाकीत ऑक्सिजन सोडायचा प्रयोग करू नका. जोडणीची नळी, ॲडॉप्टर, टाकी सगळेच अस्वच्छ असते आणि दाब झटक्यात बदलतो. परवान्याशिवाय भरणे हा गुन्हा, तो वेगळाच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यासाठी निरुपयोगी आहे. तो रुग्णाला कमी दाबाने ऑक्सिजन देतो.

रॉकेल, थिनर, पेट्रोल, डब्ल्यूडी-४०, व्हॅसलिन, खोबरेल तेल यांतले काहीही आट्यांना, ओ-रिंगला लावू नका. अडकलेला व्हॉल्व्ह मोकळा करायला मेकॅनिकने दोन थेंब तेल टाकले, असे कळले तर ती टाकी भरायला देण्याआधी पुन्हा साफ करा, आणि भरणाऱ्याला सांगाच. धोका तुमच्याआधी त्याला आहे. व्हॉल्व्हपाशी उभा तोच असतो.

हिरवा-पिवळा पट्टा आणि ‘नायट्रॉक्स’ स्टिकर कुठल्याही दुकानात विकत मिळतात. टाकी साफ असल्याचा तो पुरावा नाही. पुरावा म्हणजे तारीख, तंत्रज्ञाचे नाव आणि सही, ‘ऑक्सिजन सेवेस योग्य’ की ‘फक्त तयार मिश्रणासाठी’ याची स्पष्ट नोंद, आणि मुदत. हे बिलावर छापून घ्या.

भरलेली टाकी हाती आली की ॲनालायझरने ऑक्सिजन स्वतः मोजा, भरणाऱ्याच्या आकड्यावर सही करू नका. टक्के, कमाल खोली, तारीख आणि आद्याक्षरे टेपवर लिहून टाकीला लावा. स्वतःचा ॲनालायझर बाहेर २०० ते ४०० डॉलरला पडतो आणि त्याचा सेन्सर वापरला नाही तरी दोन-तीन वर्षांत संपतो. तेव्हा केंद्राचाच वापरा, पण आधी साध्या हवेत धरून २०.९ दाखवतो का ते पाहा.

काम न करता स्टिकर लावून पैसे घेतले, भाग बदलल्याचे दाखवून जुनेच बसवले, असे दिसले तर जुने भाग परत मागा. न दिल्यास बिल आणि फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तक्रार मराठीतही नोंदवता येते. बिलच घेतले नसेल तर तक्रारीला आधार उरत नाही.